आधी मूळ दाखवा, मग रिमेकला झोडपा

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला जमलेल्या मंडळींची 'श्यामची आई'वरून जुंपली. अत्र्यांच्या 1953च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं, त्याला पुन्हा हात लावायची गरजच काय होती, असं काकांचं म्हणणं. सुजय डहाके यांनी 2023मध्ये तीच गोष्ट मुद्दाम कृष्णधवल केली, म्हणजे जुन्याला मानच दिला की, असं भाच्याचं म्हणणं. तासभर आवाज चढत गेले, चकल्यांचा डबा रिकामा झाला. मग मी एकच प्रश्न विचारला : दोन्ही चित्रपट कोणी पाहिलेत? काकांनी अत्र्यांचा चित्रपट शाळेत असताना पाहिला होता आणि 'रडलो होतो' याखेरीज त्यांना फारसं काही आठवत नव्हतं. भाच्याने नव्याचा ट्रेलर पाहिला होता. बाकीच्यांनी एकही नाही. म्हणजे खटला तासभर चालला, निकालही लागला, आणि पुरावा कोणी पाहिलेलाच नव्हता.

रिमेकवरचे आपले बहुतेक वाद या थाटाचे असतात. नवी घोषणा झाली की एक बाजू 'क्लासिकला हात लावू नका' म्हणते आणि दुसरी 'काळ बदलला' म्हणते. दोघांनाही चित्रपटाशी कमी आणि आपल्या वयाशी जास्त कर्तव्य असतं. माझं म्हणणं वेगळं आहे. रिमेक करणं हा गुन्हा नाहीच. मूळ चित्रपट लोकांच्या हाती न राहू देणं, हा गुन्हा आहे. आणि तो गुन्हा पकडायचा तर घराघरांतल्या कपाटात, डब्यांत, चळतींत पडलेल्या ज्या तबकड्यांना आपण आज भंगार समजतो, त्या सीडी-डीव्हीडींचं मोल पुन्हा जोखायला हवं.

'मूळ' या शब्दाचा आपल्याला जेवढा अभिमान, तेवढाच तो निसरडा. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. चार रिळांच्या त्या चित्रपटाची दोनच रिळं आज उरली आहेत, आणि तीदेखील 1913ची की फाळक्यांनी स्वतःच 1917 साली पुन्हा केलेल्या 'हरिश्चंद्रा'ची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणजे आपण ज्याच्यापुढे हात जोडतो तो पहिला भारतीय चित्रपट कदाचित स्वतःचाच रिमेक असेल. पुढे 1932मध्ये प्रभातने पहिला मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. गोष्ट कोणती? हरिश्चंद्राचीच. शिवाय तो मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत झाला. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी' या जोड्याही तशाच. यातलं अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती?

आणि 'अशी ही बनवाबनवी'? 1988चा हा चित्रपट मराठी घरांत गणपतीच्या आरतीइतका पाठ आहे. तो हृषीकेश मुखर्जींच्या 1966च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला, आणि तो 1955च्या 'जय माँ काली बोर्डिंग' या बंगाली चित्रपटावरून. महेश कोठारेंचा 'धूमधडाका' (1985) हाही 'प्यार किये जा'मार्गे श्रीधर यांच्या 1964च्या 'कादलिक्क नेरमिल्लै' या तमिळ चित्रपटापर्यंत जातो. 'क्लासिकला हात लावू नका' हा नियम 1988 साली कोणी कडक पाळला असता, तर आपल्या हाती काय उरलं असतं? रिमेकवर तोंडसुख घेणाऱ्या मराठी माणसाने आधी स्वतःचं आवडतं क्लासिक कुठून आलं ते विचारावं. एकनाथांनी भावार्थ रामायण लिहिलं तेव्हा 'वाल्मीकींना हात लावू नका' असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मान्य करतो. एकनाथांच्या रामायणाने वाल्मीकींचं रामायण नाहीसं झालं नाही, पण चित्रपटांत मात्र नवा जुन्याला खरोखर झाकोळून टाकतो. 'बनवाबनवी' दहादा पाहिलेल्या किती जणांनी 'बीवी और मकान' पाहिलाय? मेहबूब खान यांनी 1940चा आपलाच 'औरत' 1957मध्ये 'मदर इंडिया' म्हणून पुन्हा केला आणि 'औरत' फक्त प्रश्नमंजूषेपुरता उरला. पैसेवाला, गाजावाजा असलेला, रंगीत नवा चित्रपट आला की जुना लोकांच्या बोलण्यातून उतरतो, हे खरं आहे. पण जरा थांबून पाहा : इथे जुन्याला मारलं कोणी? नव्याने, की तो पुन्हा कुठेच दाखवला गेला नाही म्हणून तो गेला? बहुतेक वेळा दुसरं. आणि कधी कधी ते ठरवून केलं जातं.

'गॅसलाइटिंग' हा शब्द आजच्या पोरांच्या तोंडी सर्रास असतो. समोरच्याला त्याच्याच डोळ्यांवर आणि आठवणीवर शंका घ्यायला लावायचं, हा त्याचा अर्थ. तो आला पॅट्रिक हॅमिल्टनच्या 1938च्या 'गॅस लाइट' या नाटकावरून. त्यावर ब्रिटनमध्ये थोरोल्ड डिकिन्सनने 1940 साली चित्रपट केला. मग एमजीएम या हॉलीवूडच्या स्टुडिओने हक्क विकत घेऊन 1944मध्ये इन्ग्रिड बर्गमनला घेऊन स्वतःचा केला. तिला ऑस्कर मिळालं. आणि 1940च्या चित्रपटाच्या प्रती नष्ट करायचा घाट याच स्टुडिओने घातल्याचं चित्रपटाच्या इतिहासात सांगितलं जातं. म्हणजे नवऱ्याने पडद्यावर बायकोला जे केलं, तेच स्टुडिओने प्रेक्षकाला करायला घेतलं : असा चित्रपट कधी नव्हताच, तुम्हाला भास होतोय! याच कंपनीने 1931च्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'चेही हक्क घेतले, 1941मध्ये स्पेन्सर ट्रेसीला घेऊन नवा केला, आणि ज्या भूमिकेसाठी फ्रेडरिक मार्चला ऑस्कर मिळालं होतं तो जुना चित्रपट कित्येक वर्षं लोकांच्या नजरेआड राहिला. 1944चा 'गॅसलाइट' उत्तम आहे, बर्गमन तर अप्रतिमच. नवा चित्रपट निर्दोष, मालकाची करणी मात्र वाईट, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि आपल्या वादात नेमकी हीच फोड होत नाही.

मग हे दोन्ही जुने चित्रपट परत कसे आले? 2004मध्ये वॉर्नरने डीव्हीडी काढल्या त्यांत 1940चा आणि 1944चा 'गॅसलाइट' एकत्र होता, जेकिलचेही दोन्ही एकत्र. 2006 साली 'द माल्टीज फाल्कन' या रहस्यपटाचा तीन तबकड्यांचा संच आला, त्यात 1931चा, 1936चा आणि 1941चा असे तिन्ही अवतार होते. आणि गंमत अशी की जग ज्याला अजरामर मानतं तो जॉन ह्यूस्टनचा 'फाल्कन' हा तिसरा आहे, रिमेकचा रिमेक. पहिले दोन पाहिल्याशिवाय ह्यूस्टनने नेमकं काय केलं हे कळत नाही. त्याने गोष्ट नवी लिहिली नाही. कादंबरीतले संवाद जवळपास जसेच्या तसे ठेवले, माणसं नीट निवडली, आणि विनोदाच्या वाटेला गेला नाही. हा धडा कुठल्या समीक्षेतून मिळत नाही, लागोपाठ दोन रात्री दोन तबकड्या घातल्या की मिळतो.

त्याच दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी भाच्याला मी असंच बसवलं. हिचकॉकचा 'द मॅन हू न्यू टू मच', 1934चा आणि 1956चा. दिग्दर्शक एकच, गोष्ट एकच, पहिला सव्वा तासाचा आणि दुसरा दोन तासांचा. दोन्हींत लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये मैफल चालू आहे, झांजा वाजल्या की त्या आवाजात पिस्तूल झाडायचं असा मारेकऱ्याचा बेत. संगीतसुद्धा तेच, आर्थर बेंजामिनने पहिल्या चित्रपटासाठी रचलेलं. आधी जुन्यातला प्रसंग लावला, मग नव्यातला, मग पुन्हा जुना. प्लेयरचं झाकण उघडतं, तबकडी बाहेर येते, दुसरी आत जाते, तेवढ्या वेळात चहाचा घोट. नव्यात हिचकॉक जवळपास बारा मिनिटं एक शब्द ऐकू येऊ देत नाही. जेम्स स्ट्युअर्ट पोलिसांशी हातवारे करत भांडतो, पण कानावर येतं ते फक्त संगीत. झांजवाला उभा राहतो, दोन्ही झांजा उचलतो, आणि आपला श्वास अडकतो. जुन्यात हे सगळं आहे, पण घाईत आहे. भाचा म्हणाला, 'दुसरा सरळ सरळ भारी आहे.' हिचकॉकचंही मत तेच होतं. पहिला चित्रपट हुशार हौशी माणसाचा आणि दुसरा व्यावसायिकाचा, असं त्याने फ्रेंच दिग्दर्शक त्र्यूफोला सांगितलं होतं.

मग मी दोन्हींचे शेवट लावले. 1956मध्ये आई, म्हणजे डोरिस डे, दूतावासात पियानोवर गाते, आणि वरच्या मजल्यावर कोंडलेल्या मुलाला तिचा आवाज ओळखू येतो. गाणं सुंदर आहे, जगभर गाजलं. 1934मध्ये आई पट्टीची नेमबाज आहे. पोरीच्या मागे गुंड छपरावर चढतो, पोलिसाची बंदूक रोखलेली आहे पण त्याचा हात धजत नाही, तेव्हा आई त्याच्या हातातून ती घेते आणि नेम साधते. बावीस वर्षांत बाईच्या हातची बंदूक गेली आणि पियानो आला! 'काळ पुढे जातो, म्हणून रिमेक करायचा' असं म्हणणाऱ्यांनी हे कुठे बसवायचं? आणि 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी अल्बर्ट हॉलचं काय करायचं? भाचा गप्प झाला. 'भारी' हा शब्द त्याने त्यानंतर जपून वापरला.

तुलना ही अशी चालते, शेवटच्या पाच मिनिटांवर बोट ठेवून. 'सैराट' (2016) आणि 'धडक' (2018) यांच्यावर आपल्याकडे एवढी राळ उडाली, पण बहुतेकांनी गाणी चांगली की वाईट आणि नटी कोणाची मुलगी, यावरच शक्ती घालवली. 'धडक'ने गोष्ट करमाळ्याच्या मातीतून उचलून उदयपूरच्या राजवाड्यांत नेली आणि जात कुजबुजीइतकी उरवली, हे बऱ्याच जणांनी म्हटलं, ते बरोबरच आहे. पण खरी मेख शेवटात आहे. 'सैराट'मध्ये आर्ची आणि परश्या दोघंही मारली जातात, आवाज बंद होतो, आणि रक्तात भिजलेली बाळाची पावलं दाराबाहेर जातात. 'धडक'मध्ये नवरा आणि मूल मारलं जातं, मुलगी उरते. पाटलाच्या घराने स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही, कारण त्यांच्या लेखी ती 'बाटलेली' होती, हे पहिल्या चित्रपटाचं विधान. घरच्यांनी बाहेरच्याला काढून आपली मुलगी 'वाचवली', हे दुसऱ्याचं. दोन्ही भयंकर, दोन्ही आपल्या समाजात घडतं, पण विधानं वेगळी. यावर भांडा ना! त्यासाठी दोन्ही शेवट समोर हवेत.

इथे हमखास विचारलं जातं, मग तबकड्या कशाला? सगळं फोनवर आहे. करमाळ्याच्या मुलाला आज जपानी दिग्दर्शक कुरोसावा मोबाइलवर दिसतो, जो माझ्या पिढीला पुण्या-मुंबईत फिल्म सोसायटीचं सदस्यत्व घेऊन, पाठ मोडणाऱ्या खुर्चीवर बसून बघावा लागे. हा बदल मोठा आहे आणि त्याला नाक मुरडणारा माणूस दांभिक आहे. जुने मराठी चित्रपटसुद्धा यूट्यूबवर फुकट मिळतात. प्रश्न एवढाच, की त्यातली प्रत कोणती? चौकोनी चौकट आडव्या पडद्यावर बसवायला वरून-खालून कापलेली, कोपऱ्यात कोणाचा तरी शिक्का, मधलं एखादं गाणं गायब. आणि आज जे दिसतं ते उद्या तसंच दिसेल याचा भरवसा नाही. 2023मध्ये 'द फ्रेंच कनेक्शन'च्या ऑनलाइन प्रतीतून एक वंशद्वेषी शिवी असलेला तुकडा गुपचूप काढला गेल्याचं प्रेक्षकांच्या लक्षात आलं. लक्षात आलं, कारण लोकांच्या घरी जुन्या तबकड्या होत्या. तो तुकडा ठेवावा की काढावा, यावर दोन मतं असू शकतात. न सांगता काढला, यावर कशी असतील?

आपल्या घरचं उदाहरण हवं तर 'शोले' घ्या. 1975 साली, आणीबाणीत, सेन्सॉरच्या दडपणाखाली शेवट बदलला. खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवणाऱ्या ठाकूरला आयत्या वेळी आलेला पोलीस अडवतो, तो हा बदललेला शेवट. मूळ शेवट तेव्हा थिएटरात दिसला नाही, पण व्हिडिओ आणि डीव्हीडीवर 204 मिनिटांची प्रत फिरत राहिली. हौशी लोक ती एकमेकांना दाखवत राहिले, 'खरा शेवट बघायचाय?' असं कानात सांगत. जीर्णोद्धार केलेला, न कापलेला 'शोले' इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात 2025च्या जूनमध्ये झळकला, तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. त्या पन्नास वर्षांत मूळ शेवटाची आठवण कोणत्या सरकारी खात्याने जपली? 'शोले'च्या 2007मधल्या रिमेकवर सगळ्यांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं, आणि ते त्याच्या लायकीचंच होतं. पण त्याने 'शोले'चा केसही वाकडा केला नाही. 'शोले'ला जखम केली ती कात्रीने.

'अहो पण तबकडी म्हणजे काय अमर आहे?' हाही आक्षेप खरा. माझ्याच कपाटात दोन पावसाळ्यांनी शंभरेक डीव्हीडींवर बुरशीची नक्षी काढली आहे, आणि त्यातल्या निम्म्या मऊ कापडाने पुसूनही मध्येच अडकतात. परदेशातून मागवलेली ब्ल्यू-रे आपल्या प्लेयरवर चालेलच असं नाही, कारण अमेरिकेचा विभाग 'ए' आणि आपला 'सी'. व्हीसीडीबद्दल तर बोलायलाच नको : एक चित्रपट दोन-तीन तबकड्यांत, ऐन प्रसंगात उठून पुढची घालायची, आणि चित्र असं धुरकट की नायक कोण आणि खांब कोण हे आवाजावरून ओळखायचं. शिवाय कितीतरी मराठी चित्रपट कुठल्याच तबकडीवर कधी आले नाहीत. आणि संग्रह करणारा माणूस हा बहुतेकदा कंजूष असतो, डबी हातात देताना त्याचा जीव वरखाली होतो. मी त्यातलाच.

पण पोथ्यांनाही वाळवी लागतच होती. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966मध्ये पुरी केली, तिच्यासाठी 1,259 हस्तलिखितं तपासली गेली. ती काय सगळी एका राजाच्या तिजोरीत होती? मठांतली, देवळांतली, ब्राह्मणवाड्यांतल्या माळ्यांवरची, लाल बासनांत गुंडाळलेली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून जी ज्ञानेश्वरी 1909मध्ये छापली, तीही अशाच एका जपून ठेवलेल्या पोथीवरून. एक प्रत कुसली तर दुसरी असते, एकीत चूक असली तर दुसरी ती पकडते. मोठ्या भांडारांना आग लागते. पुण्यात 2003च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला लागली होती. बरुआंचा 1935चा बंगाली 'देवदास' पाहायचा तर प्रत आहे ती बांगलादेशात. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा', तिची एकही प्रत कुठेच नाही, आणि तिचे रिमेक मात्र 1956मध्ये आणि 1973मध्ये झाले. त्यांची तुलना कशाशी करायची? त्या काळी रिळं चांदी काढायला भंगारात विकली जात. 'एक कुठेतरी असेलच' या भरवशावर आपण चित्रपटाचं पहिलं अर्धशतक जवळपास गमावून बसलो आहोत.

आणि तबकडी ही श्रीमंतांची हौस, हे तर साफ खोटं. 2007च्या सुमारास मोझर बेअरने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडेही त्या लटकलेल्या असत. वडापावच्या दोन-तीन गाड्यांच्या मध्ये प्रभात आणि राजकमल. नंतर ती कंपनी बुडाली, दुकानं गेली, आणि आपण घरातल्या चळती बोहारणीला दिल्या.

मागायचंच असेल तर रिमेकवर बंदी मागू नका, एक अट मागा. ज्याला रिमेकचे हक्क विकले, त्याच्या चित्रपटाबरोबर मूळ चित्रपट धड प्रतीत लोकांना पाहायला मिळाला पाहिजे. हे अशक्य नाही, कारण एकदा घडलं आहे. 5 एप्रिल 2013 रोजी डेव्हिड धवन यांचा नवा 'चश्मे बद्दूर' लागला, आणि त्याच दिवशी सई परांजपे यांचा 1981चा मूळ चित्रपट दुरुस्त केलेल्या प्रतीत पुन्हा थिएटरात आला. एकाच मल्टिप्लेक्समध्ये दोन्ही पाहायची सोय. त्या आठवड्यात रिमेकवर झालेला वाद मला आठवतो तो त्याच्या नेमकेपणामुळे. लोक चमको या कपडे धुण्याच्या पावडरच्या प्रसंगाबद्दल बोलत होते, लिलेट दुबेंपासून दीप्ती नवलपर्यंतच्या भूमिकांबद्दल बोलत होते, संस्कृती बुडाल्याबद्दल नव्हे. पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे द्यावी असा 1954चा कायदा आपल्याकडे आहे, वाचक तिथे जाऊन ती मागू शकतो. चित्रपटाच्या प्रेक्षकाने कोणाकडे जाऊन काय मागायचं?

भाऊबीजेला भाचा निघाला तेव्हा त्याने हिचकॉकच्या दोन्ही डब्या मागितल्या, मित्रांना दाखवायला. मी मनावर दगड ठेवून दिल्या आणि वहीत तारीख लिहून ठेवली. जिन्यात गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, त्याच्या लॅपटॉपला तबकडी घालायला जागाच नाही. तो परत वर आला, प्लेयरची वायर गुंडाळली, रिमोट खिशात घातला, आणि अख्खा प्लेयर कापडी पिशवीत घालून स्कूटरच्या पायाशी ठेवून घेऊन गेला. वहीत मला अजून एक ओळ लिहावी लागली.